जमाखर्चाची भाषा आणि दलित वाचक

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर वेदना आणि विद्रोह यांची पुष्कळ चर्चा केली. प्रस्थापित समीक्षेचे मानदंड तिने नाकारले, बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली, आत्मकथनांचा आशय समाजशास्त्राच्या अंगाने तपासला. हे सारे आवश्यकच होते. परंतु आपल्या जगण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारे जे गद्य या राज्यात दरवर्षी लिहिले जाते, त्याच्याकडे आपल्या समीक्षेने जवळजवळ ढुंकूनही पाहिलेले नाही. मी शासनाच्या जमाखर्चाविषयी बोलतो आहे. अंदाजपत्रक, पुरवणी मागण्या, शासन निर्णय, हजेरीपट, ग्रामपंचायतीची रोकडवही, लाभार्थ्यांची यादी हे सगळे लेखनच आहे. त्याला लेखक आहे, त्याची शैली आहे, आणि त्याने मनाशी धरलेला एक वाचकही आहे. तो वाचक आपण नाही. कसा नाही, हे मी ज्या जालना जिल्ह्यात मराठी शिकवतो तिथल्या अनुभवाच्या आधाराने मांडतो.

हा विषय अर्थशास्त्राचा आहे, साहित्याच्या त्रैमासिकात त्याचे काय काम, असा आक्षेप येईल. आक्षेप घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गावगाड्यात आपल्या बापजाद्यांना अक्षर नाकारले गेले तेव्हा त्याबरोबर वहीही नाकारली गेली. गावकामगार महाराच्या कामांत सरकारी साऱ्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोचवणे हे एक काम होते. पैशाचे गाठोडे त्याच्या डोक्यावर, वाटेतल्या चोराची जबाबदारी त्याच्या काठीवर, आणि कुणाकडून किती आले हे लिहिलेली वही मात्र कुळकर्ण्याच्या दप्तरात. आमच्या मराठवाड्यात कुळकर्ण्याच्या जागी निजामी अमलातला पटवारी म्हणा, एवढाच फरक. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी याच विसंगतीवर बोट ठेवले होते. महार हा सरकारचा नोकर. पण त्याचा मेहनताना सरकारी तिजोरीतून निघत नाही, इनामाच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर त्याने जगायचे. राबवून घेणारे सरकार, आणि सरकारच्या खर्चाच्या बाजूला त्याचे नावच नाही! ते विधेयक बाबासाहेबांना पुढे मागे घ्यावे लागले. ते मंजूर झाले असते तरी मुंबई इलाख्यापुरतेच राहिले असते. निजामाच्या राज्यातल्या आमच्या गावांना त्याचा उपयोग नव्हता. पण हिशेबात नाव नसणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्याच्या समीक्षेला जमाखर्च परका वाटावा याचे मला नवल वाटते.

आपल्या विचारपरंपरेत तो परका नव्हता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा विषय शिक्षणाचा, पण युक्तिवाद जमाखर्चाचा आहे. सरकारच्या महसुलाचा फार मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरिष्ठ वर्ग तिजोरीत फारसे काही भरत नाहीत, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र मुख्यतः त्याच वर्गाच्या मुलांवर होतो, हे त्यांनी सरकारला सुनावले. जमा कोणाची आणि खर्च कोणावर, हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची ही रीत आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉयच्या स्वागतावर जनतेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला, तोही याच रीतीने. 'शेतकऱ्याचा असूड' आपण बंडखोर गद्य म्हणून शिकवतो. त्यात सारा, पट्ट्या, नोकरशाहीचे पगार यांचा जो हिशेब आहे तो मात्र वर्गात सोडून देतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही ना!

बाबासाहेबांच्या बाबतीत तर आपली ही हयगय अधिकच खटकते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. १८३३ पासून १९२१ पर्यंतचा केंद्र आणि प्रांत यांच्यातला पैशाचा व्यवहार त्यात आहे. सरकारने स्वतःच छापलेली कागदपत्रे वाचूनच त्यांनी सरकारवर खटला उभा केला, ही त्या ग्रंथाची ताकद. कर गरिबाला जाचणारे, खर्च फौज आणि कारभार यांच्यावर, लोकहिताच्या कामांना उरलासुरला पैसा. आणि या सर्वांच्या मुळाशी लोकांना जबाबदार नसलेले सरकार. कौन्सिलातल्या २४ फेब्रुवारी १९२७ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी विचारले ते साधे होते. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर लागत नाही. मग शेतसारा मात्र पीक बुडाले तरी आणि एकराचा मालक असला तरी का द्यावा लागतो? आणि ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही मोठे आहे, असे मत त्यांनी मांडले. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांची मिरवणूक काढतो. घटनेतली कलमे १४८ ते १५१, म्हणजे हिशेब तपासण्याची कलमे, किती कार्यकर्त्यांनी वाचली आहेत?

आपल्या कथा-आत्मकथनांत दुष्काळी काम आहे, खडी फोडणारी बाई आहे, हप्ता मागणारा मुकादम आहे, मस्टरवर उठवलेला अंगठा आहे. पण लेखकाचा संताप बहुधा मुकादमापाशी थांबतो. ज्या कागदावर तो अंगठा उठला त्या कागदात काय लिहिले होते, हे पात्रही विचारत नाही आणि लेखकही सांगत नाही. पहिल्या पिढीला हे शक्य नव्हते. कागद हातीच येत नव्हता. आज तो येतो, निदान मागता येतो. म्हणून आजच्या लेखकाला ही सवलत देता येत नाही.

आता या गद्याच्या भाषेकडे वळू. तीन शब्द घ्या : करदाता, अनुदान, लाभार्थी. पहिल्या दोघांत 'दान' आहे. तिसऱ्यात 'अर्थी' आहे, म्हणजे मागणारा. एक देणारा, एक मागणारा, आणि मध्ये दानधर्म करणारे सरकार, अशी ही सारी रचना आहे. बलुत्याची भाषा जाऊन कायद्याचे राज्य आले असे आपण म्हणतो, पण भाषेतला यजमान आणि याचक कुठे गेला? दलितवस्तीत राहणारी मजूर बाई सरकारी कागदावर फक्त लाभार्थी असते. प्रत्यक्षात ती रोज कर भरते. साबणाच्या वडीत भरते, चपलेच्या जोडात भरते, जालन्याला बाजाराला येताना एसटीच्या तिकिटात प्रवासी कर भरते, नवऱ्याच्या दारूत तर फारच भरते. शिवाय ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तिच्या घराची नोंद असेल तर घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे प्रत्यक्ष करही तिच्या नावावर आहेत. आणि नोंद नसेल, म्हणजे घर गायरानावर असेल, तर ती नोंद व्हावी म्हणून ती माणसे वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीला खेटे घालतात. आमच्याकडून कर घ्या हो, म्हणून विनवणारा करदाता तुम्हाला गायरानाच्या कडेलाच भेटेल. कारण घरपट्टीची पावती हाच त्याच्यापाशी आपण इथे राहतो याचा पुरावा असतो.

'आमच्या कराच्या पैशातून यांना शिष्यवृत्त्या' हे वाक्य आता शहरी मध्यमवर्गाच्या तोंडी इतके रुळले आहे की आमच्या काही विद्यार्थ्यांनाही ते खरे वाटू लागले आहे. म्हणून एक उदाहरण देतो. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ चा हा कायदा रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून आला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पगारदाराने मजुराला पोसले, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण त्या मजुराने त्या पैशात पाझर तलाव खोदला, नाला अडवला, रस्त्याची खडी फोडली. तलावाखालची भिजलेली जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर पाहा. तिथे त्या मजुराचे नाव क्वचितच सापडेल. मग लाभार्थी कोण ठरतो? जमाखर्चात हा रकाना कुठेच नाही.

सातबाऱ्याचा उल्लेख आला म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या ताज्या प्रकरणाकडे येतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी आणि नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानवाटपात सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे चौकशीत पुढे आले, आणि २०२५ साली महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई होऊन गुन्हेही नोंदवले गेले. आरोपांचा निकाल न्यायालय करील. त्यात मला पडायचे नाही. मला त्या यादीच्या वाचनाविषयी बोलायचे आहे. आरोप असा की जमीन नसलेल्यांची नावे शेतकरी म्हणून घातली गेली, काही नावे पुन्हा पुन्हा आली, आणि पैसा भलत्याच खात्यांवर गेला. यादी संगणकात होती, पासवर्ड होते, वरिष्ठांची मंजुरी होती. एवढ्या यंत्रणेला जे दिसले नाही, ते गावातल्या कोणत्याही म्हातारीला क्षणात दिसले असते. अमक्याला जमीन आहे की नाही, हे गावाला पाठ असते. यादी चावडीवर मोठ्याने वाचली असती तर तिसऱ्या नावालाच कुणीतरी ओरडले असते.

पण मला याहून अधिक टोचते ते वेगळे आहे. वर्तमानपत्रांनी या प्रकरणात शेतकऱ्याचा पैसा लुटला असे लिहिले. खरे आहे. मात्र ज्या पावसाने सातबारावाल्याचे सोयाबीन कुजले, त्याच पावसाने त्या सोयाबीनच्या काढणीची मजुरीही बुडाली. पिकाच्या नुकसानीच्या अनुदानात मजुरीला रकाना नाही. खोटी नावे घुसवायला त्या यादीत जागा होती. भूमिहीन मजुराचे खरे नाव घालायला जागा नव्हती. उद्या हे वाटप अगदी चोख झाले, प्रत्येक पैसा योग्य खात्यावर गेला, तरी हा दोष शिल्लकच राहील. भ्रष्टाचाराविरुद्धच्या चळवळी इथे थांबतात. हिशेब बरोबर जुळला की त्यांचे समाधान होते. आपण मुळात हिशेबाचे रकाने कोणी आखले इथून सुरुवात केली पाहिजे.

रकान्यांची गोष्ट निघाली तर ७८९ या आकड्याविषयी लिहिलेच पाहिजे. सरकारी लेखाशीर्षांत २२२५ हे अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गांच्या कल्याणाचे मुख्य शीर्ष, आणि ७८९ हे अनुसूचित जातींसाठीच्या उपयोजनेचे लघुशीर्ष. कोणत्याही खात्याच्या खर्चात ते येऊ शकते. विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. तत्त्व असे की लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनाचा पैसा बाजूला काढायचा आणि तो थेट या समाजाच्या कामी लावायचा. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे हे प्रमाण ११.८ टक्के. २०१७-१८ पासून योजनांतर्गत आणि योजनेतर हा भेदच अंदाजपत्रकातून गेला, आणि ज्या पायावर हे गणित उभे होते तो पाया भुसभुशीत झाला. आज ७८९ हाच एक धागा धरून या पैशाचा माग काढता येतो. माझ्या एम.ए.च्या वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहितो तेव्हा मुले हसतात, मराठीच्या तासाला गणित म्हणून. हसू दे.

या पैशाचे काय होते त्याची भाषा बघा. खर्च न झालेला पैसा वर्षअखेरी परत जातो, त्याला 'समर्पित' करणे म्हणतात. वसतिगृहातल्या मुलाला भत्ता मिळाला नाही, मार्चअखेर आला, आणि निधी समर्पित झाला! हा शब्द आपण बुद्धवंदनेत आणि शोकसभेत वापरतो. दुसरा शब्द 'वर्ग करणे'. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये 'लाडकी बहीण' योजनेच्या हप्त्यासाठी वर्ग झाले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या कार्यकर्त्यांनी 'निधी पळवला' म्हटले. सरकारने हे नियमाला धरून आहे म्हटले, कारण योजनेच्या लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रियाही आहेतच.

सरकारचा हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. दलित बाईच्या हाती दीड हजार रुपये येतात ही क्षुल्लक गोष्ट नाही. तिच्या दृष्टीने ते वसतिगृहाच्या भिंतीपेक्षा अधिक खरे आहेत. पण मग प्रश्न असा उरतो : सगळ्या जातींच्या बहिणींना जो हप्ता राज्याच्या सर्वसाधारण पैशातून मिळू शकतो, तो दलित बहिणीला मात्र तिच्याच मुलांच्या शिष्यवृत्तीच्या ताटातून का वाढायचा? सर्वसाधारण तिजोरीवर तिचा हक्क नाही काय? उपयोजना ही सर्वसाधारण हक्काच्या जागी नव्हती, त्याच्यावर जादा होती. हा फरक 'वर्ग' या एका शब्दाने पुसून टाकला. असे प्रथमच झाले असेही नाही. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या घटक योजनेचे सुमारे ७४४ कोटी रुपये गेले होते; ते माहितीच्या अधिकारात कागद मिळाले म्हणून कळले. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीला कायद्याचे कुंपण घातले. कर्नाटकात कायदा असूनही २०२३ पासून हाच निधी 'गॅरंटी' योजनांकडे नेल्याचा वाद चालला. तेव्हा महाराष्ट्रातही कायदा झाला पाहिजे ही आंदोलनांची मागणी रास्तच आहे, परंतु कायद्याच्या कुंपणाला फट कुठे आहे हे पाहायला वाचणारा लागतोच.

इथे कुणी म्हणेल, आता सर्व काही उघडे आहे. राज्याच्या वित्त विभागाची 'बीम्स' प्रणाली कुणालाही पाहता येते. ग्रामपंचायतीचा खर्च २०२० पासून 'ई-ग्रामस्वराज'वर दिसतो. मी नाकारत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याचे स्वप्नही पडले नसते. पण उघडे असणे आणि वाचता येणे यांत अंतर आहे. देऊळ उघडे असूनही आपल्याला पायरीपाशी थांबावे लागले होते, हे आपण तरी विसरू नये. योजनेचा सांकेतांक माहीत असल्याशिवाय आत जाता येत नाही, आत गेल्यावर आकडे लाखांत की हजारांत ते शोधावे लागते, आणि गावाचे नाव बहुतेक ठिकाणी नसतेच. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम ४ सांगते की शासनाने अंदाजपत्रक, खर्च आणि लाभार्थ्यांचा तपशील न मागता जाहीर करावा, आणि तो स्थानिक भाषेत, त्या भागात लोकांपर्यंत पोचेल अशा पद्धतीने करावा. कायद्याची ही भाषा चांगली आहे. महाराष्ट्राने मात्र २०१२ साली नियमात दुरुस्ती करून अर्जदारालाच बांधून टाकले : अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत. शासन निर्णयाचे नुसते शीर्षक आणि संदर्भ लिहायचे तर तीस-चाळीस शब्द जातात. एका कार्यालयाने (नाव देत नाही) माझ्या एका विद्यार्थ्याला कळवले की त्याने मागितलेली माहिती व्यापक स्वरूपाची आहे. सरकारने कितीही लांब लिहावे, नागरिकाने मात्र मोजून लिहावे!

आता एका गावातला अनुभव. गाव आमच्याच जिल्ह्यातले. तिथल्या ग्रामपंचायतीच्या खर्चाचा कागद माझ्या चार विद्यार्थ्यांनी छापून आणला आणि विहारात बसून वस्तीपुढे वाचला. आधी कुणाचे लक्ष नव्हते. मग सिमेंट रस्त्याची नोंद आली आणि एक बाई म्हणाली, "वस्तीचा रस्ता झाला म्हंता, मंग आमी चिखलातून काहून जातो?" मुलांना वाटले, रस्ता कागदावरच झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजले तर रस्ता होता. देवळापासून निघून तो बऱ्या घरांच्या पुढून येत होता आणि वस्तीच्या अलीकडे दीड-दोनशे पावलांवर संपत होता. पुन्हा कागद पाहिला. त्यात 'वस्तीत रस्ता' असे लिहिलेलेच नव्हते. 'अनुसूचित जाती वस्तीकडे जाणारा रस्ता' असे होते. काम शब्दाबरहुकूम झाले होते. रस्ता वस्तीकडे जातच होता. पोचतो असे कोणी म्हटले होते?

मी आयुष्यभर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शिकवली. पण 'त' आणि 'कडे' यांच्यामध्ये किती पैसा मावतो हे मला त्या दिवशी उमगले. यात खोटी सही नाही, बनावट पावती नाही. लेखापरीक्षकाला यात दोष काढणे कठीण. लेखापरीक्षक आकडा तपासतो. अव्यय तपासणारा हवा तो वाचनाची शिस्त शिकलेला माणूस, आणि शेजारी चिखलातून जाणारी बाई. दोघांपैकी एकटा कुणी हे काम करू शकला नसता. बाईला कागद दिसत नव्हता आणि मुलांना चिखल. (२०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. या वस्तीलाही चांगले नाव मिळाले आहे. कमान झाली, पाटी लागली. रस्त्याचे शेवटचे टोक मी हा लेख लिहितो तेव्हा होते तिथेच आहे.)

मोठ्याने वाचणे हे आपल्याला नवे नाही. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली, हजेरीपट आणि बिले गावापुढे वाचली, आणि मेलेल्या माणसांनी मजुरी घेतल्याचे उघड झाले. तिथून माहितीच्या अधिकाराच्या देशव्यापी चळवळीला जोर आला. आपले लोक हे उदाहरण कौतुकाने सांगतात. पण लोकांपुढे उभे राहून त्यांना त्यांच्या पिळवणुकीचा हिशेब ऐकवायचा, हे काम महाराष्ट्रात सत्यशोधक जलशाने आणि त्यानंतर आंबेडकरी जलशाने केलेच होते. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी निरक्षर श्रोत्यापर्यंत राजकारणाचा गुंता पोचवला. जलशाला राजकारण पेलले, मग त्याला जमाखर्च का पेलू नये? कोणी शाहीर ७८९ वर वग लिहील तर तो पाहायला मी बदनापूरच्या पुढेही चालत जाईन.

अडचण कायद्याची कमी आणि आपल्या सवयीची जास्त आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले होते. त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ च्या डिसेंबरात नवा कायदा संमत केला. जुन्या कलमाचा आमच्या भागात किती उपयोग झाला? ग्रामसभा बहुधा सह्यांच्या वहीत होते. दलितवस्तीतले लोक गेले तरी मागे उभे राहतात, आणि बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी रोजाला कोणी बोलवत नाही. ही भीती खरी आहे, तिला भाषणाने उडवून लावता येत नाही. म्हणून मला वाटते, वाचन आधी वस्तीत व्हावे, विहारात व्हावे, आपल्या माणसांत व्हावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेने २० टक्के. हा आकडा वस्तीतल्या दहा जणांना पाठ झाला की ग्रामसभेत प्रश्न एकट्याला विचारावा लागत नाही. दहा जण एकदम विचारतात आणि मग कामावरून काढायचे तरी कोणाकोणाला?

संपादकांना माझी एक सूचना आहे. गावोगावचे विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते यांनी आपल्या गावाचा एकेक सरकारी कागद घ्यावा, तो शब्दाशब्दाने वाचावा, जागेवर जाऊन पडताळावा आणि त्याचे टिपण लिहावे. अशी टिपणे या त्रैमासिकात कवितेइतक्याच मानाने छापावीत. 'वस्तीकडे जाणारा रस्ता' हे पहिले टिपण माझ्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले आहे. दुसरे एका वसतिगृहाच्या भोजनखर्चावर आहे. त्यातली बेरीज अजून जुळत नाही. जुळली की दोन्ही एकत्रच पाठवतो.